चिन्हाच्या पोटातले सहा मिलिमीटर

भाच्याला कारखान्यात सगळे भाचेबुवा म्हणायचे, आणि त्यात त्याचं स्वतःचं कर्तृत्व काही नव्हतं. पॉलिशच्या ओट्यावर एकतीस वर्षं भिंगं घासणारे त्याचे मामा सगळ्या कारखान्याचेच मामा होते. त्यामुळे त्यांचा खराखुरा भाचा वरच्या मजल्यावर गणितखोलीत नोकरीला लागला, तेव्हा त्याचं नाव विचारायच्या भानगडीत कोणी पडलंच नाही. सातव्या वर्षी वडील गेले तेव्हापासून तो मामांच्या घरीच वाढलेला. नोकरी लागल्यावर त्याने शेजारच्या गल्लीत खोली घेतली, पण संध्याकाळचं ताट मामीकडेच. मामी म्हणायची, "खोली तुझी, पोट माझं."

कारखाना जमीन मोजणाऱ्यांच्या दुर्बिणींची भिंगं करायचा. एका नळीत दोन भिंगं, आणि त्यांच्यामध्ये अंतर राखायला धातूची एक रिंग. कुठल्या भिंगाला किती गोलाई द्यायची हे गणितखोली ठरवायची, त्याचं पत्रक खाली जायचं आणि खालची माणसं त्या आकड्यांबरहुकूम काच घासायची. मामांचं काम सगळ्यात शेवटचं. यंत्रावरून उतरलेल्या भिंगावर ते हाताने अखेरचं पॉलिश द्यायचे. त्या पॉलिशला मापपट्टी नाही की गेज नाही. ते बोटांना कळतं, एवढंच.

गणितखोलीतल्या संगणकाची भाषा जरा निराळी होती. इतर भाषांना अक्षर दिलं की त्या लगेच त्याची किंमत विचारतात. ही भाषा अक्षराला अक्षरच राहू द्यायची, कागदावर आपण समीकरण सोडवतो तसं आधी सोडवून द्यायची आणि आकडे शेवटी घालू द्यायची. शिवाय तिच्यात आणखी एक सोय होती. आपल्या मनाचं चिन्ह बनवावं, ते दोन गोष्टींच्या मधे उभं करावं आणि भाषेला सांगावं, की हे दिसलं की असं असं समज. नवशिक्यांना ही सोय कळत नाही, जुनेजाणते तिच्या वाटेला जात नाहीत. भाचा दोन्हींच्या मधला होता, म्हणजे शहाणा होता. आणि शहाण्याला मोकळं रान मिळालं की तो आधी काय करतो, तर घर आवरायला काढतो.

त्याच्या आधीच्या लोकांनी लिहिलेल्या ओळी म्हणजे मालगाडी. दोन भिंगांची ताकद एकत्र करायची असली की लांबलचक नाव, मग कंस, कंसात पहिलं भिंग, दुसरं भिंग आणि तिसऱ्या जागी मधलं अंतर. दहा जोड्यांचा एकदम विचार करायचा तर कंसात कंस, त्यात कंस. शेवटी मिटवायचे कंस मोजता मोजता माणसाला जांभया यायच्या. भाच्याने दोन जुळलेल्या वर्तुळांचं एक चिन्ह बनवलं. ते चष्म्यासारखं दिसायचं, म्हणून खोलीत त्याचं नाव चष्माच पडलं. आता ओळ कशी? पहिलं भिंग, चष्मा, दुसरं भिंग. संपलं. लहान मुलाने वाचावं इतकं सोपं.

फक्त एक अडचण होती. चष्मा दोन गोष्टींच्या मधे उभा राहणारा. त्याला डावी बाजू आहे, उजवी आहे, तिसरी बाजू आणायची कुठून? मग ते मधलं अंतर ठेवायचं कुठे? भाच्याने दोन दिवस डोकं खाजवलं. मग त्याच्या लक्षात आलं, की गेली नऊ वर्षं प्रत्येक नळीत एकाच मापाची रिंग बसते आहे. सहा मिलिमीटर. जे कधी बदलतच नाही ते दर ओळीत कशाला मिरवायचं? त्याने ते सहा चष्म्याच्या व्याख्येत आतच घालून टाकले आणि झाकण लावलं.

गणितखोलीच्या प्रमुख बाई म्हणजे कौतुकाच्या बाबतीत हात आखडता घेणारी असामी. पण भाच्याचं काम त्यांनी दोनदा वरपासून खालपर्यंत वाचलं. मग म्हणाल्या, "अहो, हे तर वाचता येतं." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून पोवाडा. महिन्याभरात खोलीतल्या सगळ्यांनी जुनी मालगाडी मोडीत काढली आणि सगळे चष्मा वापरू लागले. संध्याकाळी मामांनी मामीला मोठ्या अभिमानाने सांगितलं, "याने नवीन खूण काढली. वरचे सगळे आता याच्या खुणेने लिहितात." त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला होता की भाच्यालाच लाजल्यासारखं झालं.

पुढे दुर्बिणीचा नवा नमुना आला. नळी थोडी जाड झाली आणि मधली रिंग साडेआठ मिलिमीटरची झाली. रिंगेचा बदल नळीवाल्यांच्या नकाशावर होता, गणितखोलीच्या भिंतीवरही लावलेला होता. भाच्याने तो पाहिलाही होता. पण त्याच्या ओळींमध्ये अंतर असं काही उरलंच नव्हतं, मग बदलायचं काय? जुन्या मालगाडीत तिसऱ्या जागेवर सहा लिहावे लागायचे. लिहिताना हात थांबला असता. चष्म्यापाशी हात थांबायचं काही कारणच नव्हतं.

एकशेऐंशी दुर्बिणींची भिंगं नळीवाल्यांकडे गेली आणि तीन आठवड्यांत परत आली. मधे स्वच्छ दिसायचं, कडेला मात्र सगळं धुवट, रंगांची झालर आलेलं. मालकांनी सगळ्यांना खाली बोलावलं. गोलाईच्या गेजवर एकेक भिंग तपासलं, प्रत्येक पत्रकाबरहुकूम. पत्रक चुकलं असेल का? बाईंनी गणिताच्या ओळी मोठ्याने वाचून दाखवल्या. पहिलं भिंग, चष्मा, दुसरं भिंग. यंत्राचे मेकॅनिकसुद्धा मान डोलवू लागले, इतकं ते सरळ होतं. पुन्हा चालवून पाहिलं, तेच उत्तर. येणारच. सहा आतून तेच सांगत होते.

मग उरलं काय? काच बरोबर, गोलाई बरोबर, गणित बरोबर. उरलं शेवटचं पॉलिश, ज्याला माप नाही. सगळ्यांचे डोळे एकाच दिशेला गेले. मामांनी आपले हात समोर धरून पाहिले, उलटे केले, पुन्हा सुलटे केले.

"बासष्ट झाली मालक मला," ते म्हणाले. "असेल."

मालकांना वाईट वाटलं, ते खरंच वाटलं. पण त्याच आठवड्यात मामांना पॉलिशच्या ओट्यावरून उठवून पॅकिंगला बसवलं. तिथे तयार भिंगं मऊ कागदात गुंडाळून खोक्यात ठेवायची. पगार तोच, मान नाही. भाच्याला त्या दिवशी मामांबद्दल दुःख झालं, पण मनात कुठे शंका नव्हती. गणित बरोबर आहे हे त्याने स्वतः सांगितलं होतं, आणि सांगताना तो अगदी प्रामाणिक होता. तोवर त्याच्या अंगाला काही लागलेलं नव्हतं, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

लागलं ते त्याच्या पुढच्या मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला. बाईंनी त्याला चष्मा आणि त्याची इतर चिन्हं समजावून सांगणारी एक वही लिहायला सांगितली होती, नव्या माणसांसाठी. पहिल्या पानावर त्याने लिहिलं, "हे चिन्ह काय करतं?" उत्तर लिहायचं म्हणून व्याख्या उघडली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच उघडली. पहिल्या भिंगाची ताकद, अधिक दुसऱ्याची, वजा सहा गुणिले दोन्हींचा गुणाकार.

सहा.

त्याने भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. साडेआठ. पुन्हा पडद्याकडे पाहिलं. माणसाच्या पायाखालची फरशी सरकते म्हणतात, तसं काही झालं नाही. कान तेवढे गरम झाले. त्याने हळूच सहाच्या जागी साडेआठ घालून गणित चालवून पाहिलं. गोलाईचे आकडे हलले. थोडेसेच, पण एकशेऐंशी दुर्बिणींच्या कडा धुवट करायला पुरेसे.

तो उठला. खरंच उठला, आणि बाईंच्या टेबलापर्यंत गेलाही. हेही त्याच्या बाजूने सांगायला हवं, कारण यापुढे त्याच्या बाजूने सांगण्यासारखं फारसं काही नाही.

"या या," बाई म्हणाल्या. "तुम्हालाच बोलवणार होते. दुसऱ्या कारखान्यातल्या लोकांनाही तुमची चिन्हं हवीत. मालक म्हणतात, हे काम वेगळं काढू आणि भाचेबुवांच्या हाती देऊ. काय, बसा ना. तोंड असं का झालंय?"

"काही नाही," भाचा म्हणाला. "पित्त झालंय."

तो परत जागेवर येऊन बसला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण ज्याची मूठ झाकलेली असते त्यालाच आत काय आहे ते ठाऊक असतं, आणि त्या दिवसापासून भाचा ती मूठ आवळून हिंडू लागला. मनाशी त्याने एक हिशोब मांडला. आपण चिन्ह गुपचूप दुरुस्त करू. पुढचा माल नीट निघेल. माल नीट निघाला की सगळे मागचं विसरतील आणि मामांना पुन्हा ओट्यावर बसवतील. कुणाचं काही बिघडणार नाही, आपलंही नाही. भित्र्या माणसाला आपली भीती नेहमी युक्तीसारखी दिसते.

त्याने चष्म्याच्या खाली बारीक अंकात अंतर लिहायची सोय केली. काचेची नवी खेप आली की गोलाईचे आकडे थोडे हलतातच, त्यामुळे नव्या पत्रकातले बदललेले आकडे कुणाच्या डोळ्यांवर आले नाहीत. बाईंनी मात्र विचारलं, "हे खाली बारीक काय आलंय?"

"वाचायला जास्त स्पष्ट," भाचा म्हणाला. हे वाक्य तर खरंच होतं. म्हणून ते जास्त लागलं.

दुसरी खेप निघाली. तिचं शेवटचं पॉलिश मामांच्या शेजारच्या ओट्यावरच्या कारागिराने केलं होतं. तो मामांच्याच हाताखाली शिकलेला, हात बरा, पण मामांच्या पासंगालाही न पुरणारा. या वेळी पाठवण्याआधी कारखान्यातच दुर्बिणी जोडल्या, भिंतीवरच्या तक्त्यावर रोखल्या, कडेपर्यंत रेघन्‌रेघ लख्ख. मालकांनी खांद्यावर हात ठेवून कारागिराला शाबासकी दिली. तो बिचारा ओशाळून पॅकिंगच्या टेबलाकडे पाहत होता. आता तर शंकेला जागाच उरली नाही. तीच गणितखोली, तेच गणित, तेच यंत्र, फक्त हात दुसरा. मामांच्या हाताचा दोष सिद्ध झाला होता आणि तो सिद्ध करणारा पुरावा भाच्याने आपल्या हाताने घडवला होता.

एवढा विचार त्याने केलाच नव्हता. चिन्हं जुळवण्यात एवढं डोकं चालवणारा माणूस, पण ही साधी बेरीज त्याला जमली नाही. त्या दिवशी पायऱ्या उतरताना त्याला पॅकिंगच्या टेबलापाशी मामा दिसले. ते त्या दुसऱ्या कारागिराची भिंगं कागदात गुंडाळत होते. एक भिंग उजेडाकडे धरून बराच वेळ पाहत राहिले, मग मान हलवून म्हणाले, "छान केलंय रे पोराने." भाचा मागच्या दाराने बाहेर पडला.

घरी मामीने न बोलता काही गोष्टी बदलल्या होत्या. मामांच्या हाती गरम भांडं द्यायची नाही. चहाचा कप अर्धाच भरायची. "सांडलं तर पुसायला मलाच लागतं," असं वर हसून सांगायची. मामांचा हात कधी हललेला तिने पाहिला नव्हता, पण एवढी माणसं म्हणतात म्हणजे असेल. भाचा समोर बसून खाली मान घालून जेवायचा. भूक मेली होती आणि टाकून उठायची सोय नव्हती, कारण ताटात टाकलं की मामी कपाळाला हात लावून ताप पाहायची.

"तूच घेऊन जा त्यांना दवाखान्यात," मामी एकदा म्हणाली. "माझं ऐकत नाहीत. तुझं ऐकतील."

आणि भाचा घेऊन गेला. नाही म्हणण्यासारखं कारण एकच होतं, आणि ते सांगायची हिंमत नव्हती. दुपारची अर्धी रजा काढली, मामांना गाडीत शेजारी बसवलं. वाटेत मामा खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी दाढी नीट केली होती, धुतलेला सदरा घातला होता, परीक्षेला निघाल्यासारखं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हसऱ्या होत्या. त्यांनी मामांना दोन्ही हात पुढे धरायला सांगितले आणि पसरलेल्या बोटांवर एक पातळ कागद ठेवला. हात किंचित जरी हलला तरी कागदाची कड फडफडते. कागद मेल्यासारखा पडून राहिला. मग त्यांनी पेन दिलं.

"आता एक गोगलगाय काढा. मधून सुरू करा, बाहेर येत जा. रेघांनी एकमेकींना शिवायचं नाही."

मामांनी काढली. एकेक वळण दुसऱ्यापासून सारख्या अंतरावर, कुठे थांबा नाही, कुठे कापरं नाही. डॉक्टरीणबाईंनी कागद उचलून खिडकीपाशी नेला.

"काका, एवढी सुबक तर मलाही येणार नाही. तुमच्या हाताला काहीही झालेलं नाही."

कुणीही खूश झालं असतं. मामांचा चेहरा पडला.

"म्हणजे सापडत नाही," ते म्हणाले.

"असेल तर सापडेल ना?"

"अहो, मालक म्हणतात, गणितखोली म्हणते. माझ्या हातचा माल परत आला, दुसऱ्याच्या हातचा पास झाला. एवढी माणसं कशाला खोटं बोलतील?" मग ते भाच्याकडे वळले. "तू सांग ना यांना. तुझंच गणित होतं. तुला काय वाटतं, गेला का माझा हात?"

भाच्याच्या तोंडाशी आलं होतं. अगदी दातांपर्यंत आलं होतं. डॉक्टरीणबाई बघत होत्या, मामा बघत होते. आता बोललो तर परक्या बाईसमोर बोलावं लागेल, तेवीस दिवस मूग गिळून बसलो हेही सांगावं लागेल. त्याने ओठ ओले केले.

"वय झालं की होतं थोडंफार, मामा," तो म्हणाला.

मामांनी मान डोलावली. डॉक्टरीणबाईंनी ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. येताना मामा त्याला म्हणाले, "बरं झालं तू होतास. मला एकट्याला ऐकवलं नसतं." भाच्याने गाडी चालवली. सिग्नल लाल झाला की थांबला, हिरवा झाला की निघाला. आपण आता यापेक्षा खाली जाऊ शकत नाही असं त्याला वाटलं. पण तळ लागला असं वाटणाऱ्याला तळ लागलेला नसतोच.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मामा त्याच्यासमोर कोरा कागद आणि पेन घेऊन येऊन बसले. मामी पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होती.

"राजीनामा लिहून दे रे," ते म्हणाले. "पॅकिंगला बसवत नाही आता. येणारा जाणारा जपून बोलतो माझ्याशी. दोन शब्द कमी लिही, पण स्वच्छ लिही. तुझं लिहिणं मालक वाखाणतात."

"राजीनामा कशाला, मामा?"

"कशाला म्हणजे? लिही. 'माझ्या हाताला' …" ते थांबले. "कंप लिहू नकोस. 'माझा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही' असं लिही."

भाच्याने लिहिलं. 'माझा हात आता पूर्वीसारखा' एवढं लिहून झालं आणि पुढे पेन चालेना. समोर मामांचा हात टेबलावर होता. अंगठ्याशी पॉलिशचा लाल डाग कातडीत कायमचा मुरलेला. त्याच हाताने शाळेच्या पहिल्या दिवशी त्याला वर्गापर्यंत पोचवलं होतं. लाज म्हणजे नुसतं तोंड लपवावंसं वाटणं, अशी त्याची आजवर समजूत होती. या वेळी मात्र त्याला आपलं तोंडच नकोसं झालं.

"उद्या टाईप करून आणतो," तो कसाबसा म्हणाला आणि उठला. तिथेही बोलला नाही. मामी होती, हे त्याने स्वतःला दिलेलं कारण.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आधी बाईंकडे गेला, त्यांना घेऊन मालकांच्या केबिनमध्ये गेला आणि म्हणाला, "मामांनाही बोलवा." मामा हात पुसत आले. आपला राजीनामा आला असेल असं वाटून ते उभेच राहिले. भाच्याने चिन्हाची व्याख्या छापून आणली होती. तो कागद त्याने टेबलावर ठेवला आणि सहाच्या आकड्यावर बोट ठेवलं. दोन बाजूंच्या चिन्हाला तिसरी गोष्ट ठेवायला जागा नसते, म्हणून आपण ती आत कशी दडवली, रिंग बदलली तेव्हा आत तेच कसं राहिलं, हे त्याने सांगितलं. दुसऱ्या खेपेच्या आधी आपण ते कसं बदललं, तेही सांगितलं.

"म्हणजे मामांचं पॉलिश …" मालक म्हणाले.

"दोन्ही वेळेला बरोबर होतं. चूक माझी."

बाई खाली बसल्या. "मी मोठ्याने वाचून दाखवलं होतं सगळ्यांना," त्या पुटपुटल्या. "काय छान वाचता येत होतं."

मालकांनी मात्र नेमका दुखरा दात पकडला. "तुला कधी कळलं हे?"

"दुसऱ्या खेपेच्या आधी."

"दिवस सांग."

"एकतीस दिवस झाले."

मालकांचा चेहरा लाल झाला. "एकतीस दिवस! घरचा माणूस, आणि पॅकिंगला बसलेला रोज बघत होतास? टेबल आवर तुझं. आजच्या आज. असला माणूस मला कारखान्यात नको."

भाच्याला त्यात सुटल्यासारखं वाटलं. हेच योग्य होतं. तो वळलाच होता, तेवढ्यात मामा बोलले.

"मालक, काढू नका त्याला."

"मामा, तुम्ही म्हणता हे?"

"काम येतं त्याला. चूक त्याची आणि शोधून काढलीही त्यानेच. नवा आणाल तो आणखी कुठे काय दडवून ठेवेल, कुणाला ठाऊक? माझं काय, मी ओट्यावर बसतो. खाली मी काय ते सांगेन." मामांचा आवाज अगदी नेहमीचा होता, बाजारात भाव करावा तसा. मालकांनी टेबलावरचा छापील कागद घडी करून खणात टाकला. शेवटी म्हणाले, "तुमच्या शब्दाखातर. दुसऱ्या कारखान्याचं विसर म्हणावं त्याला." मग ते उठून टेबलाच्या या बाजूला आले आणि त्यांनी मामांची माफी मागितली. मामांनी त्यांना पुरतं बोलू दिलं नाही.

बाहेर जिन्यापाशी दोघंच होते. भाचा वाकून पाया पडायला गेला, तर मामा एक पायरी बाजूला झाले.

"दवाखान्यात गेलो तेव्हा माहीत होतं तुला?"

"हो."

मामांनी कठड्यावर हात ठेवला. ते खाली ओट्यांकडे बघत होते. तिथे त्यांची जागा अजून रिकामी होती.

"मी आज संध्याकाळी मामीला सगळं सांगतो," भाचा म्हणाला. "तिच्याही पाया पडतो."

"तू काही सांगायचं नाहीस." मामा पहिल्यांदाच त्याच्याकडे वळले. "तिने तुला पोटच्या पोरासारखं वाढवलंय. तिला काय सांगू, की तू मला शेजारी बसवून डॉक्टरकडे नेलंस? मी सांगेन, हात बरा झाला. गोळ्यांनी बरा झाला. कुठून तिच्या कानावर आलंच तर तेव्हाचं तेव्हा बघू."

"मामा, पण हात तुमचा कधी …"

"माझा हात बिघडला होता, आता बरा झाला. समजलं? तू रोजच्यासारखा जेवायला ये आणि गप्प बस. ते जमतं तुला."

मामा खाली गेले. ओट्यावरच्या माणसांनी त्यांना जागा करून दिली. कुणीतरी काहीतरी विचारलं, कुणीतरी हसलं.

संध्याकाळी भाचा दारात घुटमळत उभा राहिला. त्याला बघून मामी हातातलं काम टाकून पुढे आली. तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, त्याच्या कपाळावरून बोटं फिरवून आपल्या कानशिलांवर मोडली. तिचे डोळे भरले होते.

"पुन्हा ओट्यावर बसवलं रे त्यांना! कळलं ना तुला? मी म्हटलंच होतं, याने नेलं की बरं होईल. पोटचा मुलगा असता तरी त्याने एवढं केलं नसतं."

भाच्याने मामांकडे पाहिलं. मामा पाटावर बसले होते, मान खाली, काठोकाठ भरलेला चहा शांतपणे पीत.

"वाढ त्याला," ते म्हणाले. "दमला असेल."